सात वेळा टाईप केलेलं व्हिएन्ना

समोरचा माणूस बोलायला लागला की अक्कांच्या उजव्या हाताची तर्जनी हलायला लागायची. मांडीवर, टेबलाच्या कडेवर, भाजीच्या पिशवीवर, हात जिथे असेल तिथे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी दुखणं असावं. हैदराबादला नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराची माडीवरची खोली भाड्यानं घ्यायला मी गेले होते. नव्यानं नोकरीला लागलेल्या पुण्याच्या मुलीला शोभेल अशा थाटात मी माझ्या अटी सांगत होते. अक्का शांतपणे ऐकत होत्या आणि बोट साडीवर बारीक वळणं काढत होतं. माझं संपल्यावर त्यांनी माझंच बोलणं, मध्ये घेतलेल्या श्वासांसकट, मला परत ऐकवलं आणि विचारलं, "इतकंच, की अजून काही?"

एकोणचाळीस वर्षं त्या सरकारी कचेरीत स्टेनोग्राफर होत्या. शॉर्टहँड त्यांच्या बोटांत मुरली होती. साहेबांची इंग्रजी, शिपायाची तेलुगू, चहावाल्याची उर्दू, घरातली मराठी, सगळं एकाच लिपीत उतरायचं. "शॉर्टहँड आवाजाची असते गं, भाषेची नसते," त्या म्हणायच्या. वडील गेले तेव्हा अक्का एकोणीस वर्षांच्या होत्या आणि पाठची तीन भावंडं शाळेत होती. टायपिंगच्या क्लासमधून त्या थेट कचेरीत गेल्या. बहिणींची लग्नं झाली, धाकटा भाऊ अनंत वकील झाला. "माझं लग्न तेवढं राहिलं," हे वाक्य त्या दळण आणायचं राहिलं म्हणावं इतक्या सहज म्हणायच्या. मोठ्या बहिणीला मराठीत अक्का म्हणतात आणि तेलुगूतही. त्यामुळे भावंडांची अक्का अख्ख्या गल्लीची अक्का झाली आणि तिचं खरं नाव पोस्टमनशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

त्यांचं मराठी मला आधी कानाला खटकायचं. "नक्को", "हौ", "कायकू परेशान होतेस" असं त्या बोलायच्या आणि मी मनातल्या मनात दुरुस्त्या करायचे. पुढे पुण्याला गेले, की माझ्याच तोंडून "हौ" निघायला लागलं आणि आई कपाळाला हात लावायला लागली.

तर व्हिएन्ना. अक्कांच्या खात्यातले साहेब लोक परदेशी अभ्यासदौऱ्यावर जात. परत आले की अहवाल लिहावा लागे आणि तो अक्का टाईप करत. कुणी व्हिएन्नाच्या ट्रामबद्दल लिही, कुणी ॲमस्टरडॅमच्या कालव्यांबद्दल, कुणी पॅरिसच्या गटारांबद्दल. जवळजवळ चार दशकांत असे किती अहवाल त्यांच्या हाताखालून गेले असतील कोण जाणे. सगळे त्यांच्या लक्षात होते. एकदा एका साहेबांनी मजकूर सांगितला, 'शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या डॅन्यूब नदीच्या काठी आम्ही उभे होतो.' अक्कांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, 'सर, नदी बाजूनं वाहते. जुन्या गावाला लागून आहे तो तिचा कालवा.' साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात तिथे?"

"नाही सर. पण मी व्हिएन्ना सात वेळा टाईप केलंय."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी खूप हसले. त्याही हसल्या. मग गॅस बारीक करत म्हणाल्या, "आता एकदा बघून येते."

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती. गल्लीच्या टोकाला एसटीडीचं बूथ आलं होतं, घरोघरी केबल आली होती आणि माझ्यासारखी पुण्या-मुंबईची पोरं बेगमपेटच्या काचेच्या इमारतींत बसून कुठल्यातरी दूरच्या बँकेचे प्रोग्राम लिहीत होती. अक्कांच्या कचेरीतही दोन संगणक आले होते. त्यांवर प्लॅस्टिकची आच्छादनं घालून ते कुलपात ठेवले जात. परदेशी चलन मिळवण्यासाठी पूर्वी जे उंबरे झिजवावे लागत, ते आता बरेच कमी झाले होते. या बातमीबद्दल आमच्या ऑफिसातली मुलं परदेशातून आणायच्या नवीन बुटांच्या संदर्भात बोलत. अक्कांनी मात्र तिचं कात्रण कापून ठेवलं होतं.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला मी गेले होते. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, "आता बाई काशी-रामेश्वर करतील, देवधर्मात रमतील." आभार मानायला अक्का उठल्या. म्हणाल्या, "काशी नंतर, सर. आधी व्हिएन्ना, मग प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम आणि पॅरिस. पाठीवर पिशवी घेऊन जाणार आहे." सगळं सभागृह खदखदून हसलं. बाईंना इतकी छान थट्टा करता येते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्का हसणं संपेपर्यंत थांबल्या, मग नमस्कार करून खाली बसल्या.

घरी येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "तू म्हणत होतीस ना, तुला युरोप बघायचाय? खरं म्हणत होतीस की उगीच?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. युरोप बघायचाय असं त्या वयात सगळेच म्हणतात. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून 'उगीच' म्हणायचा धीर झाला नाही. "खरं," मी म्हटलं. आमची मोहीम त्या रिक्षात ठरली.

पुढचे आठ महिने मी जे पाहिलं, त्यानं माझी छाती दडपून गेली. रविवारी सकाळी आम्ही सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जायचो. तिथे अक्कांना युरोपातल्या रेल्वेचं एक जाडजूड वेळापत्रक मिळालं. ते इतकं जुनं होतं की त्यात जर्मनी अजून दोन होत्या. मी म्हटलं, "अक्का, या वेळांचा काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "वेळा बदलतात. रूळ तर तिथंच आहेत ना?" प्रत्येक शहराच्या पर्यटन कचेरीला त्यांनी स्वतः टाईप करून पत्रं पाठवली. कुठेही खाडाखोड नसलेली, समासाला समास जुळलेली. उत्तरं आली. मोठमोठ्या लिफाफ्यांतून नकाशे, ट्रामचे मार्ग, स्वस्त वसतिगृहांच्या याद्या. पोस्टमन लिफाफा देऊन जायचा नाही, उघडेपर्यंत फाटकात उभा राहायचा.

नकाशे हॉलमध्ये फरशीवर पसरलेले असत. अक्का एका वहीत प्रत्येक शहराचं पान करायच्या. त्या पानावर राजवाडे आणि संग्रहालयं नसायची. स्टेशनातून कुठल्या दारानं बाहेर पडायचं, डावीकडे की उजवीकडे, कितव्या थांब्याला उतरायचं, वसतिगृहाचं दार किती वाजता उघडतं, एवढंच. "गावात पोचल्यावर पहिला तास नीट गेला पाहिजे. मग गाव आपलं," असं त्यांचं म्हणणं. जर्मनीतल्या एका प्रांतात सव्वीस वर्षांवरच्या माणसांना त्या वसतिगृहांत घेत नाहीत असं यादीत निघालं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी त्या प्रांतातल्या म्युनिकवर काट मारली. "ते आपल्याला घेत नाहीत, मग आपण पण त्यांना घेत नाही. चल, पुढचं वाच."

पाठीवरची पिशवी सुलतान बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं शिवली. तो तंबू आणि शाळेची दप्तरं शिवायचा. अक्कांनी त्याला चित्र काढून दाखवलं, कमरेला पट्टा हवा, खांद्याला कापसाची घडी हवी. माप घेता घेता त्यानं विचारलं, "अम्मा, फौज में भरती हो रहे क्या?"

"हौ," अक्का म्हणाल्या. "सिलाई पक्की करो. बीच में टूटी तो लड़ाई हार जाऊँगी."

ती हिरवी पिशवी तांदळानं भरून अक्का रोज पहाटे नल्लकुंट्याहून काचीगुड्याच्या स्टेशनापर्यंत चालत जायच्या, तिथला पूल चार वेळा चढायच्या-उतरायच्या आणि परत यायच्या. कमरेच्या पट्ट्यात निऱ्या अडकतात हे लक्षात आल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सलवार-कमीज शिवून घेतले. पहिल्या दिवशी गल्लीतली एकूण एक खिडकी उघडी होती. अक्का सरळ समोर बघत गेल्या आणि सरळ समोर बघत परत आल्या. मी त्या वेळी माडीवर पांघरुणात होते. मला व्यायामाची काय गरज, मी तर तरुण होते.

पण खरी परीक्षा घरातच होती. अनंतराव काचीगुड्याला राहायचे, कोर्टात त्यांचं चांगलं नाव होतं. एका रविवारी ते आले. हॉलमधल्या नकाशांना वळसा घालून खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अक्का, हे काय ऐकतोय मी?"

"काय ऐकलंस ते सांग," असं म्हणून अक्कांनी कपाटातून वही आणि पेन्सिल काढली आणि समोर बसल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. अनंतरावांना वाटलं, ती हिशेबाबिशेबाची वही असावी. ते बोलायला लागले. वकीलच ते, अर्धा तास बोलले. या वयात हे शोभतं का. लोक काय म्हणतील. परक्या देशात पडलीस-झडलीस तर धावत कोण येणार. एका पोरीच्या नादी लागून. आजवर आम्ही तुझी काळजी वाहिली, तुला कधी एकटं वाटू दिलं नाही, तुझ्यासाठी आम्ही किती गोष्टी सोडल्या, आणि तू आमचा विचारही करत नाहीस.

ते थांबले. अक्का म्हणाल्या, "वाचून दाखवते. काही राहिलं असेल तर सांग."

आणि त्यांनी पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली. आवाजात राग नाही, टोमणा नाही. साहेबांना मसुदा वाचून दाखवतात तसं. सगळी वाक्यं अनंतरावांचीच होती, फक्त आता ती अनंतरावांना ऐकावी लागत होती. 'तुझ्यासाठी आम्ही किती गोष्टी सोडल्या' या वाक्याशी त्या आल्या, ते वाचलं, आणि पुढच्या ओळीवर गेल्या. अनंतरावांनी हात वर केला.

"अक्का, बास."

"अजून पाऊण पान आहे."

"नको. ते... ते वाक्य काढून टाक."

अक्कांनी वही मिटली. "कुठलं ते तूच ठरव, अनंता. मी सगळं उतरवलंय. माझ्याकडून एक शब्द इकडे-तिकडे झालेला नाही."

ज्या भावाच्या कायद्याच्या पुस्तकांसाठी त्यांनी दहा वर्षं ओव्हरटाईम केला, तो भाऊ मान खाली घालून बसला होता. मला वाटलं आता रडारड होईल. अक्का उठल्या आणि चहा टाकायला आत आल्या. एकाच कपात त्यांनी दोनदा साखर घातली, हे फक्त मी पाहिलं. अनंतराव चहा पिऊन निघून गेले. निघायच्या दिवशी मुंबईच्या गाडीवर आम्हाला पोचवायला आले ते स्वतःचा लोकरीचा कोट घेऊन. "तिकडे थंडी असते म्हणे," एवढंच बोलले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची सळई धरून उभे राहिले.

त्याआधी व्हिसाची मुलाखत झाली होती. काचेपलीकडच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "तुम्ही अविवाहित, निवृत्त. परत याल याची खात्री काय?" अक्का म्हणाल्या, "माझं पेन्शन हैदराबादला मिळतं." त्यानं मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शिक्का मारला.

व्हिएन्नाला उतरलो तेव्हा मी गर्दीत गोंधळून फलक शोधत होते. अक्का वही न उघडता चालायला लागल्या. या दारानं बाहेर, उजवीकडे, ट्रामचा थांबा, सहावा थांबा, चढ, हिरवं दार. दार खरंच हिरवं होतं. वसतिगृहातल्या विशीतल्या पोरांनी त्यांना वरच्या बंकवर चढताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सामायिक स्वयंपाकघरात अक्कांनी भात केला, त्यावर मेतकूट आणि गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं, आणि दोन ऑस्ट्रेलियन मुलं ते बोटं चाटून खाऊन गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही कालव्यावर गेलो, मग मुद्दाम ट्राम बदलत लांब नदीवर गेलो. अक्का पुलावर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. म्हणाल्या, "पाणी निळं नाही गं. सातांपैकी एकानंही हे लिहिलं नव्हतं."

प्रागच्या दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायऱ्यांवर माझा पाय मुरगळला. मुरगळला कसला, घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं आणि घरी जायला सांगितलं. पुढचा दीड दिवस अक्का अक्षरशः धावत होत्या. विमान कंपनीच्या कचेरीत तासन्‌तास उभं राहून त्यांनी माझं तिकीट बदलून घेतलं, पुण्याला फोन लावला, मुंबईच्या विमानतळावर बाबा येतील अशी व्यवस्था केली, चाकाची खुर्ची सांगितली, माझ्या पायाखाली स्वतःची उशी दिली. मी धरून चालले होते की त्याही येणार. विमानतळावर खुर्ची ढकलणारा माणूस आला तेव्हा मी विचारलं, "तुमचं तिकीट कुठाय?"

"माझं पॅरिसहून आहे," त्या म्हणाल्या. "मी बर्लिनला जाते."

मला खरंच वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मला एकटीला पाठवताय? अशा पायानं?"

"एकटी नाहीस. इकडे हा माणूस आहे, विमानात कंपनीच्या मुली आहेत, तिकडे बाबा आहेत. सगळं तपासलंय मी. तुला त्रास होणार असता तर आले असते."

"आई तुम्हाला कधी माफ करणार नाही," मी म्हणाले. म्हणजे मी करणार नाही, असं मला म्हणायचं होतं. त्यांना ते कळलं. त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवीचा पट्टा कमरेला आवळला आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागल्या. मी संतापानं रडत होते, आणि रडता रडताच पाहत होते: त्या गर्दीतून तो हिरवा ठिपका कुणालाही न विचारता, कुठेही न अडखळता बसच्या थांब्याकडे चालला होता.

आई खरंच कित्येक वर्षं त्यांच्यावर रागावलेली होती. मी पंधरा दिवस पुण्यात काढून, प्लॅस्टरसकट नल्लकुंट्याला परत आले. दोन दिवसांनी अक्का आल्या. उन्हानं रापलेल्या, वाळलेल्या. तशाच पिशवीसह जिना चढून माझ्या खोलीत आल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"तुझ्याबरोबर परत आले असते," त्या म्हणाल्या, "तर मला तुझा राग आला असता. तुला तो कधी दिसला नसता. मी चहा दिला असता, पाय शेकला असता, सगळं केलं असतं. पण राग राहिला असता. असला राग मी आयुष्यभर पुष्कळ सांभाळलाय. तुझ्यावर नक्को होता मला."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी त्यांची थोडी भीतीच वाटली. इतकं खरं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. मग मी हळूच विचारलं, "बर्लिन कसं होतं?" आणि त्या सांगायला लागल्या. बर्लिनमध्ये पाडलेल्या भिंतीच्या जागेवर भाजी पिकवणारी एक म्हातारी, तिनं दिलेला मुळा, ॲमस्टरडॅमच्या पावसात उलटी झालेली छत्री, पॅरिसमध्ये हरवणं. "मुद्दाम हरवले," त्या म्हणाल्या. "वही वसतिगृहात ठेवून गेले. मजा आली."

त्यानंतर वर्षभरानं मी ते घर सोडलं. लग्न, बंगळूर, मुलं. अक्का दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे जात राहिल्या. लिस्बन, बुडापेस्ट, एकदा पार नॉर्वेच्या टोकाला. गुडघ्यांनी नाही म्हटलं तेव्हा थांबल्या. मीही जिथे अडेन तिथे स्वतःला विचारायला शिकले, की मी हे मनापासून करतेय, की नंतर राग धरण्यासाठी करतेय. बऱ्याचदा उत्तर आवडलं नाही. पण विचारणं सुटलं नाही.

अक्का गेल्या तेव्हा मी तेराव्याला हैदराबादला गेले. माणसं पांगल्यावर अनंतराव माझ्याजवळ येऊन बसले. आता तेही सत्तरी ओलांडलेले, कानाला यंत्र लावलेलं.  मग म्हणाले, "तिकडून परत आली की ती आमच्यासाठी चॉकलेटं आणायची. आम्ही ती वाटून घ्यायचो. काय पाहिलंस, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. एकदाही नाही." त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, खुर्ची माझ्याकडे ओढली.

"तुला सांगितलं असेल ना तिनं? मला सांग. सावकाश सांग, मला वेळ आहे."

मी व्हिएन्नापासून सुरुवात केली.